हातांचं दुखणं वेगळं, टाचांचं वेगळं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: थंडी सुरू झाली की हातपाय फुटतात, सकाळ-रात्र क्रीम लावूनही टाचांच्या भेगांतून रक्त येतं, क्रीम बदलून पाहिली तरी तेच, मग नुसतं ग्लिसरीन लावावं का, की पाणी जास्त प्यावं?

पाण्याचं आधी उरकते. शरीराला पाणी कमी पडत असेल तर जरूर प्या, पण प्यायलेलं पाणी टाचेच्या वरच्या थरात जाऊन भेग बुजवत नाही. तिथून ते उडून जातंय, अडचण ती आहे. थंड हवेत मुळात बाष्प कमी मावतं, आणि तीच हवा खोलीत तापवली की आणखी कोरडी होते. त्यात तळहात आणि तळपाय या दोन जागांना तेलग्रंथीच नाहीत. घाम येतो, तेल येत नाही. चेहऱ्याची त्वचा स्वतःची थोडीफार सोय करते, टाचेला तेवढाही आधार नाही.

एवढं दोन्हीकडे सारखं. इथून पुढे मात्र हात आणि टाचा वेगळे धरा. माझी त्वचा वर्षानुवर्षं अशीच आहे, शिवाय कामापायी दिवसभर हात धुवावे लागतात, म्हणून ठामपणे सांगते: हात बिघडतात धुण्यामुळे आणि टाचा बिघडतात जाडीमुळे. दोन्हींना एकच डबी एकाच पद्धतीने लावली की दोन्ही अर्धवट राहतात.

हातांचं बघू. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या मधल्या फटींत सिरॅमाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं असा स्निग्ध मसाला असतो, पाणी धरून ठेवण्याचं काम त्याचं. साबण मळाबरोबर हा मसालाही नेतो, आणि पाणी कढत असेल तर जास्तच. साध्या साबणाच्या वडीचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप, ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) साधारण ९ ते १० असतो, त्वचेचा ५ च्या आसपास. दिवसातून दहा-पंधरा वेळा हात धुणाऱ्याने सकाळ-रात्र क्रीम लावलं तर हिशेब जुळणार कसा? पाणी कोमट किंवा साधं घ्या, साबण सौम्य आणि बिनवासाचा, आणि हात टॉवेलने खसाखसा न पुसता टिपा. ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, क्रीम लावा. दर धुण्यानंतर. त्यासाठी नळाशेजारीच एक बाटली हवी, दुसऱ्या खोलीतल्या कपाटात ठेवलेलं क्रीम कोणी लावायला जात नाही.

लावतानाही एक गोष्ट बघा. क्रीम तळहातावर घेऊन दोन्ही हात चोळायची आपल्याला सवय असते. सगळं क्रीम तळव्यांना मिळतं, आणि हाताची मागची बाजू, जिथली कातडी पातळ आणि आधी उलणारी, तिला राहिलंसाहिलं. उलट करा: मागच्या बाजूवर घ्या, दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींवर फिरवा, मग बोटांची पेरं, नखांच्या कडा आणि बोटांमधल्या बेचक्या. तळवे शेवटी. अंगठी घालत असाल तर हात धुताना काढा. तिच्याखाली फेस अडकून राहतो आणि बरोबर तेवढंच वर्तुळ लाल होऊन खाजतं. मग लोक सोन्याला दोष देतात.

भांडी-कपडे धुताना हातमोजे घाला, पण आतून सुती अस्तर असलेले, नाहीतर खाली पातळ सुती मोजे. रबराच्या आत घामाने भिजलेला हात तासभर राहिला तर त्यानेही त्वचा बिघडते. सॅनिटायझरने हात जास्त कोरडे होतात असं सरसकट समजलं जातं. ते खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या हँडरबच्या कृतीत मुद्दाम १.४५ टक्के ग्लिसरॉल घातलेलं आहे, आणि पुन्हापुन्हा साबण लावण्यापेक्षा असा रब त्वचेला सहसा कमी जाचतो. फुटलेल्या हाताला तो झोंबतो, पण झोंबतो म्हणजे हात त्यानेच फुटले असं नव्हे. हात दिसायला मळलेले असतील, शौचाहून आला असाल किंवा घरात कुणाला जुलाब-उलट्या होत असतील तर मात्र साबण-पाणीच.

आता क्रीम. पंपाच्या बाटलीतून सहज ओघळणाऱ्या लोशनमध्ये बहुतांश पाणी असतं, थंडीत हातापायांना ते पुरत नाही. डबीतलं घट्ट क्रीम बरं, मलम त्याहून बरं. ग्लिसरीन, युरिया यांसारखी द्रव्यं पाणी ओढून घेतात, पेट्रोलियम जेली ते बाहेर जाऊ देत नाही. म्हणून कोरड्या त्वचेवर, कोरड्या हवेत, नुसतं ग्लिसरीन चोपडू नका. ओढायला हवेत पाणी नसलं की ते त्वचेच्या आतल्या थरातलंच ओढतं. ओल्या हाताला थोडं ग्लिसरीन आणि वर जेलीचा पातळ हात, असं चालेल. पेट्रोलियम जेलीचं पेटंट १८७२ सालचं आहे, आणि दीडशे वर्षांनंतरही पाणी अडवण्यात तिच्या तोडीचं फारसं काही निघालेलं नाही. चिकट आहे हे कबूल, म्हणून ती रात्रीची. सुवासिक क्रीम फुटलेल्या त्वचेवर नकोच, वासाच्या द्रव्यांचीच ॲलर्जी अनेकांना असते. लिंबू-साखर चोळायचा सल्लाही कुणीतरी देईलच. उललेल्या त्वचेवर आम्ल आणि खरखर, दोन्ही एकदम कशाला?

बोटाच्या टोकाला ती बारीक, खोल चीर पडते ना, बटण लावताना जीव जातो अशी, तिला दिवसभर उघडं ठेवू नका. जेलीचा ठिपका आणि वर चिकटपट्टी. बोट वाकलं की चीर पुन्हा उघडते, म्हणून ती भरत नाही. पट्टीने कडा जागच्या जागी राहतात.

टाचांकडे येऊ. उजेडात बसून स्वतःची टाच नीट पाहा. भेगा तळव्याच्या मध्यावर सहसा नसतात, कडेला असतात आणि उभ्या असतात. पाऊल टाकलं की वजनाने टाचेखालची चरबीची गादी चहूकडे पसरते. कातडी लवचीक असेल तर ताणली जाते. पिवळट, निबर झालेली कड ताणत नाही, ती फाटते. मागून उघड्या चपला असतील तर त्या पसरण्याला अडवणारं काहीच नसतं, तासन्‌तास उभं राहणाऱ्यांचे हाल जास्त. या निबर थरावर साधं क्रीम फिरवणं म्हणजे ताडपत्रीवर पाणी शिंपडणं. तुमची क्रीम वाईट नसावीत, ती आत गेलीच नसतील.

क्रम असा ठेवा. रक्त येतंय तोवर घासणं, खरवडणं बंद. काही रात्री फक्त जेली आणि सुती मोजे, भेगा मिटू द्या. मग २० ते २५ टक्के युरियाचं क्रीम रोज रात्री टाचेच्या कडेला. युरिया ५ ते १० टक्के असतो तेव्हा मुख्यतः ओलावा धरतो, प्रमाण वाढलं की जाड थर मऊ करून सुटा करतो. आपल्याला इथे दुसरं काम हवंय. उघड्या भेगेत तो चांगलाच चरचरतो, म्हणून आधी भेगा मिटवायच्या. आठवड्यातून एक-दोनदा कोमट पाण्यात दहा मिनिटं पाय ठेवून वजरी हलक्या हाताने फिरवा, एकाच दिवशी टाच गुळगुळीत करायचा हट्ट नको. ब्लेड तर नाहीच. जखमेची भीती आहेच, शिवाय फार खरवडलेली टाच चिडून पुन्हा जाड होते. बोटांच्या बेचक्यांत जेली भरू नका, तिथे ओल राहून बुरशी धरते. दिवसा मागून बंद बूट आणि मोजे.

जेली लावून फरशीवर चालू नका, पाय सटकतो. आणि मलम मुरलेले मोजे, चादरी पटकन पेट घेतात, धुतल्यावरही त्यातला अंश उरतो. तसे मोजे घालून हीटर किंवा विस्तवाजवळ पाय शेकत बसू नका.

मधुमेह असेल किंवा पायांना बधिरपणा असेल तर वरचं भिजवणं, घासणं, युरिया काहीही स्वतःहून करू नका. छोटी भेग न दुखता चिघळू शकते. रोज पाय तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. लाली पसरतेय, पू आहे, बारीक खाजरे फोड आहेत, किंवा थंडी संपली तरी त्वचा तशीच आहे, तरीही दाखवा, तो एक्झिमा किंवा सोरायसिस असू शकतो. आणखी एक खूण सहज निसटते: दोन्ही तळपाय कोरडे, पण हात एकच. थंडी काही एकच हात निवडत नाही. असं दिसलं तर बहुधा बुरशीचा संसर्ग असतो, त्वचा खरवडून तपासली की कळतो, आणि मलमांनी नाही तर बुरशीच्या औषधाने जातो. तुम्ही दोन्ही हात लिहिलेत म्हणून तुमच्या बाबतीत ही शंका कमी आहे, तरी एकदा दोन्ही तळवे शेजारी धरून बघा.

नवं काही आणायचंच असेल तर फक्त टाचांसाठी युरियाचं आणा. हातांना घरात आहे तेच घट्ट क्रीम चालेल, दर धुण्यानंतर लावलंत तर काही दिवसांतच फरक दिसेल. टाचांना मात्र काही आठवडे द्या, तिथला थर जाड आहे.