पहिल्या संसाराचे कागद फेकू नका

प्रश्न : मी मूळची कोल्हापूरची. २०१२ साली कोल्हापुरात लग्न झाले आणि अमेरिकन नागरिक असलेल्या पतीच्या अर्जावर ग्रीन कार्ड मिळून न्यू जर्सीत आले. २०१६ साली मी नागरिक झाले. २०१९ पासून आम्ही वेगळे राहू लागलो आणि २०२१ साली तिथल्याच कोर्टात दोघांच्या संमतीने घटस्फोट झाला. गेल्या वर्षी साताऱ्यातील एका शिक्षकाशी मी नोंदणी पद्धतीने लग्न केले. त्यांना सगळे ठाऊक आहे, सासूसासऱ्यांना मात्र माझे हे दुसरे लग्न असल्याचे सांगितलेले नाही. मैत्रीण म्हणते की लग्नावर ग्रीन कार्ड मिळालेल्यांना नव्या जोडीदारासाठी पाच वर्षे थांबावे लागते. अर्जात पहिल्या लग्नाचा उल्लेख टाळला तर चालेल का? जुना अल्बम आणि कागदपत्रेही टाकून द्यावीत असे वाटते.

उत्तर : मैत्रिणीने सांगितलेला नियम खरा आहे, पण तो तुम्हाला लागू नाही. ज्यांना लग्नावर ग्रीन कार्ड मिळाले आणि जे अजून ग्रीन कार्डवरच आहेत, त्यांच्यासाठी ती पाच वर्षांची अट आहे, आणि पहिले लग्न खरे होते हे भक्कम पुराव्याने दाखवले तर त्यांनाही तीतून सूट मिळते. तुम्ही नागरिक आहात. नागरिकाच्या पतीसाठी वार्षिक व्हिसांची मर्यादा नसते, त्यामुळे पतीला अमेरिकेत बोलावण्यासाठीचा आय-१३० अर्ज तुम्ही आजही भरू शकता.

उल्लेख टाळण्याचा विचार मात्र मनातून पूर्णपणे काढून टाका. त्या अर्जात आधीच्या जोडीदाराचे नाव आणि ते लग्न कधी संपले याची तारीख विचारलेली असते, आणि तुमची जुनी फाइल, तुमच्या स्वतःच्या सहीसह, त्याच अमेरिकी इमिग्रेशन खात्याकडे आहे. लपवलेली गोष्ट तिथे खोटी माहिती ठरते आणि तिची झळ तुमच्या पतीच्या व्हिसाला लागते. म्हणून दोघांच्या नावाचा भाडेकरार, एकत्र भरलेली कर विवरणपत्रे, बँकेची जुनी पत्रके आणि तो अल्बम, हे सारे जपून ठेवा. नागरिकत्वाची शपथ घेताना तुम्ही खरोखर एकत्र नांदत होता, हे कधी विचारले गेलेच तर तेच कागद तुमची बाजू मांडतील. तो संसार मोडला, पण तो खोटा नव्हता. त्याची लाज वाटून घेण्याचे तुम्हाला काहीच कारण नाही.

एक गोष्ट भारतीय वकिलाकडून तपासून घ्या. भारतात हिंदू पद्धतीने झालेल्या लग्नाचा परदेशी कोर्टातला घटस्फोट इथे कधी ग्राह्य धरायचा, याचे निकष सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली घालून दिले आहेत, आणि त्यांत दोन्ही पक्षांच्या संमतीला मोठे महत्त्व आहे. ती तुमच्याकडे आहे. ती घटस्फोटाच्या हुकूमनाम्यात स्पष्ट नोंदलेली आहे ना, एवढे पाहा.

आय-८६४ या, पतीच्या आर्थिक आधाराची जबाबदारी घेणाऱ्या हमीपत्रावर सही करण्याआधी ते सावकाश वाचा. तुमचे उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के असावे लागते, आणि ही जबाबदारी घटस्फोटानेही सुटत नाही. पती नागरिक होईपर्यंत किंवा साधारण दहा वर्षांचे काम त्यांच्या खाती जमा होईपर्यंत ती सामान्यतः तुमच्यावर राहते. तुमच्यासाठी पहिल्या पतीने केलेली अशीच सही तुम्ही नागरिक झालात तेव्हा संपली.

आता सासूसासऱ्यांविषयी, कारण तुमच्या पत्रातली खरी भीती मला तिथेच दिसते. मुंबईच्या वकिलातीत मुलाखतीला जाण्याच्या आदल्या रात्री साताऱ्याच्या घरी कागद लावताना बहुधा सासरेच मदतीला बसतील, आणि त्या गठ्ठ्यात न्यू जर्सीच्या कोर्टाचा शिक्का असलेला हुकूमनामा असेल. तो त्यांनी तसा, अचानक पाहावा असे तुम्हालाही वाटणार नाही. शिवाय काचेपलीकडचा अधिकारी तुमच्या पतीला तुमच्या पहिल्या लग्नाविषयी विचारू शकतो, आणि घरात जे नाव कधी उच्चारलेच गेले नाही ते तिथे उच्चारताना माणूस अडखळतो. म्हणून अर्ज भरण्याआधीच ही गोष्ट तुमच्या पतीने आईवडिलांना सांगावी, फोनवर नव्हे, समोर बसून. त्या वेळी शक्य असल्यास तुम्हीही साताऱ्यात असा, पण पहिले वाक्य त्यांनाच बोलू द्या.