पुढे केलेलं घे

पुणे,
रविवार, रात्र

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर पोह्यांची बशी टेबलावर तशीच होती. काकू दोनदा ‘घे गं’ म्हणाली आणि दोन्ही वेळा तू ‘नको नको, आत्ताच खाऊन आले’ म्हणालीस. त्यानंतर तासभर मला विचारत राहिलीस की मॉस्को ते सैबेरियातलं इर्कुत्स्क, चार दिवस रेल्वेत अनोळखी माणसांत काढायचे तर बोलायला सुरुवात कशी करू, की आई म्हणते तसं सरळ दाराच्या डब्याचं तिकीट काढू? खाऊन तू आली नव्हतीस, हे काकूलाही कळलं होतं. तुझी अडचण रशियनची नाही. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये शिकलीस तेवढी भाषा चार दिवसांना पुरून उरेल. तुझी अडचण त्या बशीची आहे, म्हणून हे पत्र.

आधी तिकिटाचं उरकतो. दाराचा डबा म्हणजे कुपे, चार बर्थ आणि सरकतं दार. तू घ्यायचंस ते प्लात्स्कार्त. झेलमच्या स्लीपरची तुला सवय आहे, साधारण तसंच, फक्त मधला बर्थ नाही. एका कप्प्यात समोरासमोर चार आणि पलीकडच्या खिडकीशी साइडचे दोन. असे नऊ कप्पे, ५४ माणसं, मध्ये दार नाही. विषम नंबर खालचे, सम वरचे. १ ते ३६ कप्प्यांमधले, ३७ ते ५४ साइडचे. आईला भीती वाटते ती उघडेपणाची, आणि मी प्लात्स्कार्त सांगतो ते त्या उघडेपणासाठीच. कुपेचं दार लागलं की आत कोण आलंय यावर सगळं अवलंबून. बायकांचा वेगळा कुपे मिळू शकतो, पण तिथे तिघीच तुझ्या वाट्याला येणार, आणि त्या तिघी न बोलणाऱ्या निघाल्या तर ५,१८५ किलोमीटर तू खिडकीशी बोलणार. उघड्या डब्यात पन्नास जणांच्या देखत कुणी वेडंवाकडं वागायला धजावत नाही, वागलंच तर शेजारची आजी त्याला तिथल्या तिथे झापते. हा माझा जुना हट्ट आहे. लोक म्हणतात, काटकसरीची सवय. म्हणोत. पैसे वाचतात हे खरं, पण हट्ट त्यासाठी नाही.

आता मुद्द्याचं. संवाद सुरू करायची वीस वाक्यं लिहून द्या म्हणालीस. देणार नाही. वाक्यानं तिथे काही सुरू होत नाही. रशियन माणूस अनोळखी माणसाकडे बघून हसत नाही. त्यात राग नसतो, हसू ओळखीच्यांसाठी राखलेलं असतं, एवढंच. तू गाडीत शिरून सगळ्यांकडे हसत हवापाण्याचं बोलायला लागलीस, तर ते गोंधळून खिडकीबाहेर बघतील आणि तू ठरवशील की माणसं तुसडी आहेत. सुरुवात होते ती टेबलावर. दोन खालच्या बर्थच्या मध्ये खिडकीला लागून छोटं टेबल असतं. ते कप्प्यातल्या सगळ्यांचं. गाडी सुटली, चादरी अंथरून झाल्या, की त्यावर उकडलेली अंडी, काकडी, पाव, कधी भाजलेली कोंबडी, भाजलेल्या सूर्यफुलाच्या बिया असं येऊ लागतं. आणि कुणीतरी तुझ्याकडे सरकवत म्हणतं, ‘उगाश्शायतेस’. म्हणजे घ्या ना, संकोच करू नका. सगळा प्रवास त्या क्षणावर ठरतो. तेव्हा तुझ्या तोंडून ‘नको नको’ निघालं की संपलं. ते दुसऱ्यांदा विचारतील, तिसऱ्यांदा नाही. तू एकटं राहू इच्छितेस असं समजून तुला चार दिवस अगदी सभ्यपणे एकटं ठेवतील.

म्हणून, घे. पहिल्या वेळेलाच घे.

आपल्याला लहानपणापासून वळण लावलेलं असतं. कुणी पेढा पुढे केला की आधी आईकडे बघायचं, मग नको म्हणायचं, तिसऱ्या आग्रहाला घ्यायचा. कुणाचं मिंधं व्हायचं नाही. या वळणाला मी नावं ठेवत नाही, इथे ते चालतं, कारण इथे तिसरा आग्रह होतो. पण आयुष्यात मी ‘नको’ फार म्हटलं, आणि त्यातलं एकही आज कामाचं वाटत नाही. तू उलट विचार करतेस हे मला ठाऊक आहे. मी भरपूर खाऊ नेईन, सगळ्यांना वाटेन, ओळख होईल. नाही होत. आधी तू वाटलंस की तू यजमान आणि ते पाहुणे. ते अवघडतात, परतफेड म्हणून दुप्पट काढतात आणि हिशेब मिटवून गप्प बसतात. आधी घेतलंस की गाडीत ते यजमान होतात. घर त्यांचं, देश त्यांचा, पाहुणी तू. मग तुझी चौकशी करायचा हक्क त्यांच्याकडे येतो आणि ते तो वापरतात. कुठून आलीस, किती भाऊ-बहिणी, लग्न का नाही झालं, बाबांचा पगार किती. हे प्रश्न आले की समज, जमलं. तोंड वाकडं करू नकोस.

तू मांसाहार करत नाहीस, ही तुझी पुढची शंका मला इथूनच ऐकू येते. नियम तोच. ‘या विगितारियान्का’ म्हण आणि ते म्हणता म्हणता काकडी उचल. नकार आणि घेणं एकाच श्वासात झालं पाहिजे. नुसतं ‘मी खात नाही’ म्हणून हात मागे घेतलास तर दार बंद. पाव आहे, काकडी आहे, टोमॅटो आहे, साखर आहे. काहीतरी घेच.

आणि कुणी काही पुढे केलंच नाही तर? तर माग. मॉस्कोत गाडीत बसण्याआधी तीन-चार लिंबं घे आणि सुरी नेऊ नकोस. डब्याच्या एका टोकाला, प्रवोदनित्साच्या खोलीजवळ, उकळत्या पाण्याचा टायटन असतो, रात्रंदिवस गरम. प्रवोदनित्सा म्हणजे डब्याची बाई, आपल्या टीसीपेक्षा तिच्या हातात पुष्कळ जास्त असतं. तिच्याकडे पातळ काचेचा पेला धातूच्या कडीदार साच्यात बसवलेला मिळतो, त्याला पादस्ताकान्निक म्हणतात. टायटनच्या नळाखाली तो पाऊण भर, काठोकाठ नको, गाडी वळणावर हेलकावे खाते आणि पाणी मनगटावर येतं. चहाची पुडी बुडव, पेला टेबलावर ठेव, शेजारी लिंबू ठेव आणि सुरी माग. ‘नोझ’ एवढा शब्द पुरे. सुरी देणारा माणूस बहुतेक वेळा लिंबू स्वतःच कापून देतो. चकत्या सगळ्यांच्या पेल्यांत पडतात. लिंबाच्या सालीचा वास कप्प्यात सुटला की वरच्या बर्थवरचा मुलगाही पाय खाली सोडतो. दूध पावडर आणि वेलची नेऊन आपला चहा करायचा विचार मनातून काढ. टायटनचं पाणी गरम असतं, पण पुढे उकळी आणायला आच नसते, चहा कच्चाच लागतो. त्यांचा काळा चहा घे.

शंकरपाळे मात्र न्यायचेच. एक किलो, २०० ग्रॅमच्या पाच पुड्या, वेगवेगळ्या. एकच मोठा डबा नेलास तर पहिल्याच दिवशी संपेल, आणि माणसं बदलत जातात. येकातेरिनबुर्गला दोघं उतरतात, ओम्स्कला तिसरा, नवीन चढतात, कप्पा पुन्हा कोरा होतो. पुडी उघडायची ती त्यांचं काहीतरी खाऊन झाल्यावर, पुढच्या चहाला. काळ्या चहाबरोबर गोड खायची त्यांना सवय आहे, त्यामुळे शंकरपाळे लगेच रुळतात. बाकरवडी, तिखट चिवडा घरी ठेव. बहुतेकांना तिखट झेपत नाही आणि ते सभ्यपणे पाणी पीत बसतात.

मागण्यासारखं आणखी आहे. वरच्या बर्थवर गुंडाळलेली गादी असते आणि चादरींचं सीलबंद पाकीट मिळतं. गादी उलगडायला हात माग. प्लॅटफॉर्मवर उतरताना शेजारणीला बॅगेकडे बघायला सांग. ‘पास्मात्रीते, पझालस्ता.’ पासपोर्ट आणि पैसे मात्र अंगावरच्या पाकिटात, झोपतानाही, टॉयलेटला जातानाही. विसा, मास्टरकार्ड रशियाबाहेरचं असलं तर २०२२ पासून तिथे चालत नाही, सगळी भिस्त रोख रुबलवर. दिवसा खालचा बर्थ बसायला सगळ्यांचा असतो, तरी बसण्याआधी ‘मोझ्ना?’, म्हणजे ‘चालेल का?’, विचार. बूट काढून स्लिपर घाल, सगळे घालतात. आणि एक लांब वायरचा मल्टिप्लग ने. जुन्या डब्यात सॉकेट मोजके असतात. आपली बारीक दोन पिनांची पिन तिथे बसते, जाड तीन पिनांची नाही. मल्टिप्लग लागला की तुला कुणाशी बोलायला जावं लागत नाही, चार्जर घेऊन लोक तुझ्याकडे येतात.

नावांचं नीट लक्षात ठेव. मोठ्या माणसाला नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारायची. वडील इवान, तर बाई इवानोव्ना, पुरुष इवानोविच. तिथे आडनावानं हाक मारत नाहीत. आपल्याकडेही मधलं नाव वडिलांचंच असतं हे त्यांना सांग, बाबांचं नाव सांग, आणि गंमत बघ, पाच मिनिटांत कुणीतरी त्याला ‘ओव्ना’ लावून तुझं बारसं करेल. तेही घे. ‘असं नाही म्हणत’ म्हणून दुरुस्त करत बसू नकोस. अहो-जाहोचं ‘वी’ सोडायचं नाही, जोवर ते स्वतः ‘ती’वर, म्हणजे अरे-तुरेवर, येऊया म्हणत नाहीत. वयस्कर माणसं राज कपूरचा विषय काढणारच. तुझ्याकडून द्यायचा असेल तर अफनासी निकितिन काढ. त्वेरचा हा व्यापारी पंधराव्या शतकात चौलला उतरला आणि त्यानं जुन्नरला पावसाळा काढला. तिथल्या खानानं त्याचा घोडा हिसकावून घेतला होता. त्यांनी तो शाळेत वाचलेला असतो, पण जुन्नर कुठे आहे ते ठाऊक नसतं. तू सांगू शकतेस, तुझ्या जिल्ह्यातलंच गाव आहे.

आता ‘नको’ कुठे म्हणायचं ते. दारू. डब्यात ती पिण्याला बंदी आहे, तरी कुणीतरी बाटली काढतोच. ‘या ने प्यू’, मी पीत नाही, एकदा, स्पष्ट, कारण न देता. कारण दिलंस की वाद सुरू होतो. तुझ्यासमोर न उघडलेलं पेय नाही, मग ते सरबत का असेना. टेबलावरचं, सगळे खातायत ते घे. कोपऱ्यात एकट्यानं खास तुला देऊ केलेलं नको. कुणी सलगी करू लागला तर उठून थेट प्रवोदनित्साकडे जा, तिला बर्थ बदलून देता येतो. युद्धाचा विषय तू काढायचा नाही. त्यांनी काढला तर ऐक, मत देऊ नकोस. सैनिकांचे, पुलांचे फोटो नाहीत. माणसांचे विचारून.

सारखं बोलत राहायचं नसतं हेही कळू दे. पहिली रात्र माणसं थकलेली असतात, झोपू दे. रात्री दिवे मंद होतात, त्यानंतर कुजबुजसुद्धा नाही. दुपारी तासन्‌तास कुणी बोलत नाही, बर्चची झाडं सरकत राहतात, आणि ती शांतता अवघडलेली नसते. ती भरून काढायला धडपडू नकोस. तूही पड.

थांब्यांचा तक्ता प्रवोदनित्साच्या खोलीजवळ लावलेला असतो, त्याचा फोटो काढून ठेव. काही ठिकाणी गाडी दोनच मिनिटं थांबते, मोठ्या स्टेशनांवर अर्धा तासही. जुन्या डब्यांत स्टेशन येण्याआधीच टॉयलेटला कुलूप लागतं, तेव्हा त्याआधीच जाऊन ये. लांब थांब्याला कप्प्यातल्या कुणाबरोबर तरी उतर, काय विकत घ्यावं ते त्यांना विचार, आणि सुटायच्या पाच मिनिटं आधी दारात हजर.

घड्याळाचं आईला समजावून सांग, नाहीतर ती अवेळी फोन करेल. मॉस्को आपल्या अडीच तास मागे, इर्कुत्स्क अडीच तास पुढे. मध्ये येकातेरिनबुर्गला फरक फक्त अर्ध्या तासाचा, घरी फोन करायला ती जागा बरी. तोवर दुसरा दिवस उजाडलेला असेल आणि तिला सांगायला तुझ्याकडे शेजाऱ्यांची नावं असतील.

बर्थ शक्यतो खालचा घे. ३५ ते ३८ नको, ते टॉयलेटला लागून आहेत, रात्रभर दार आपटतं. तिकीट निघालं की नंबर कळव. आणि शंकरपाळ्यांना मोहन जरा कमी घालायला सांग आईला, नाहीतर प्रवासात त्यांचा चुरा होतो.

तुझा,
काका