मुंबई-लंडन: हिशेबाने आठ तास, तिकिटावर दहा

तुमचे प्रश्न दोन. अंतर 7,200 किलोमीटर आणि वेग ताशी 900, तर विमान आठ तासांत का पोहोचत नाही? आणि आई-बाबांच्या जानेवारीच्या तिकिटावर दुपारी 1:15 ला निघून संध्याकाळी 5:45 ला पोहोच कशी?

दुसरं आधी, ते सोपं आहे. तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावच्या असतात. हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे, म्हणजे तिथले 5:45 हे आपले रात्रीचे 11:15. झाले दहा तास. मार्चअखेर ते ऑक्टोबरअखेर तिकडची घड्याळं तासभर पुढे असतात, तेव्हा फरक साडेचारचा. येताना तोच वजा करायचा. हिवाळ्यात लंडनहून रात्री 9 ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी 11:30 ला मुंबई, म्हणजे साडेचौदातून साडेपाच वजा, नऊ तास.

आता आठाचे दहा का. संकेतस्थळं जे अंतर देतात ती पृथ्वीच्या गोलावर दोरी ताणून काढलेली सरळ रेघ. ती कराचीजवळून अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र आणि पुढे युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 मध्ये प्रवासी विमानांना बंद झालं. पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये भारतीय विमानांना हद्द बंद केली, ब्रिटिश विमानांना नाही. त्यामुळे एकाच दिवशी निघालेल्या दोन कंपन्यांच्या वाटा वेगळ्या असू शकतात. याचा फटका दिल्लीकरांना जास्त. मुंबईहून निदान अरबी समुद्रावरून मस्कतकडे वळता येतं.

त्यात वारा. दहा-अकरा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम नावाचा वेगवान वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच जोरात. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीशी असतो. परतीचा तास बहुतेक इथेच वाचतो.

शिवाय तिकिटावरची वेळ गेट ते गेट असते, हवेतली नव्हे. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी काम एकीवरच. रांगेत अर्धा तास सहज जातो. लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरायच्या आधी विमानांना थांबवून ठेवायच्या चार जागा आहेत. विमान कुठे आहे ते दाखवणाऱ्या फ्लाइट ट्रॅकरवर आई-बाबांचं विमान त्यातल्या एका जागी, लॅम्बोर्नवर, घिरट्या घालताना दिसलं तर घाबरू नका, नंबर लागायचाय एवढंच. कंपन्या हे सगळं धरूनच वेळापत्रक सैल ठेवतात, म्हणून कधी कधी विमान वीस मिनिटं आधीही लागतं.

दुबईमार्गे स्वस्त मिळतंय म्हणालात. अंतर फारसं वाढत नाही, साधारण 7,400 किलोमीटर. पण मधला थांबा धरून तेरा-चौदा तास होतात, आणि त्या वयात तिथल्या टर्मिनलमधली चालच अंगावर येते. माझं मत विचाराल तर थेटच घ्या. दुबईच करायचं असेल तर मध्ये निदान तीन तास ठेवा आणि व्हीलचेअर बुकिंग करतानाच नोंदवा, ऐन वेळी काउंटरवर नको.