कायद्याचं लग्न नसताना दोन बायकांचा संसार टिकतो का?

तू विचारलंयस, ‘मी २६ वर्षांची आहे, मैत्रिणीबरोबर घर करायचंय. पण लग्नच होणार नसेल तर नातं टिकेल का? आजारपणात आमचं कोण?’ माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची आहेस, म्हणून ‘तू’च म्हणते.

आम्ही दोघी चौदा वर्षं पुण्यात एकत्र राहतोय. संसार टिकतो गं. गॅस कोणी लावायचा, कोणाच्या आईकडे दिवाळी, यावरून भांडतोही. आम्हाला प्रेम कधी कमी पडलं नाही. कमी पडला तो कागद.

सात वर्षांपूर्वी रात्री दोन वाजता तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. अपेंडिक्स. हॉस्पिटलच्या फॉर्मवर ‘रुग्णाशी नाते’ होतं, तिथे मी ‘जोडीदार’ लिहिलं. काउंटरवरच्या माणसानं ते खोडून ‘मैत्रीण’ केलं आणि म्हणाला, “मॅडम, घरचं कोणीतरी बोलवा.” ती शुद्धीवर होती, स्वतः सही करते म्हणत होती, तरी नाही. घरचं म्हणजे साताऱ्याचा भाऊ. आमचं कळल्यापासून तीन वर्षं तो तिच्याशी बोलत नव्हता. तो येईपर्यंत मी तिच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसून होते.

त्यानंतर आम्ही कागदांच्या मागे लागलो. तूही लाग, घर लावतानाच.

सगळ्यात आधी मृत्युपत्र. ते नसेल तर लग्न न झालेल्या, मूलबाळ नसलेल्या हिंदू बाईची कमाई आईवडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. दहा वर्षं हप्ते भरलेल्या जोडीदाराचं त्यात नावही येत नाही. दोन साक्षीदार लागतात. रजिस्टर करणं सक्तीचं नाही, पण करून टाक. बँकेत नॉमिनी लावलं की झालं, असं समजू नकोस. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. जॉइंट अकाउंट मात्र काढ. समलिंगी जोडप्यांना ते काढायला आणि एकमेकांना नॉमिनी करायला कसलीही आडकाठी नाही, असं वित्त मंत्रालयानं ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. शाखेत कुरकुर झाली तर ते पत्रक दाखव.

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं आपल्या लग्नाला मान्यता दिली नाही, तेव्हा आम्ही दोघी रडलो. मुलाचा प्रश्न तिथेच अडकलाय. एकटी बाई म्हणून तू दत्तक घेऊ शकतेस, पण कागदावर आई एकच. दुसरीनं रात्र रात्र जागून वाढवलं तरी कायद्यानं ती कोणीच नाही. हा अन्याय आहे, आणि तो मला रोज टोचतो.

घरच्यांचं म्हणशील तर त्यांना वेळ दे, पण त्यांची परवानगी मिळेपर्यंत थांबू नकोस. त्या रात्री भाऊ पहाटे पोचला, सही केली आणि काही न बोलता माझ्याशेजारी बसला. ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी “आत कोण येणार?” विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला, “ही जाईल.”

पुढच्याच वर्षी आम्ही मृत्युपत्रं केली. तिच्या मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून पहिली सही त्याची आहे.