खोटा शब्द लावावा काय?

स्क्रॅबल म्हणजे आपल्या फळीवरच्या सात टाइलमधली अक्षरं पटावर लावून इंग्रजी शब्द जुळवण्याचा खेळ. त्याबद्दल आलेल्या बहुतेक पत्रांचा विषय एकच आहे: हूल, म्हणजे खोटा शब्द खरा असल्यासारखा लावणं. म्हणून या अंकाची जागा तिलाच दिली आहे. शेवटचं पत्र मराठी अक्षरांच्या खेळाबद्दल आहे, त्याला थोडं सविस्तर उत्तर दिलं आहे.

प्रश्न (दर्यापूर, जि. अमरावती): आमच्या वाचनालयात दर रविवारी डाव होते. एक पोरगा बेधडक खोटे शब्द लावते अन् कोणी पकडलं नाही तर गुण घेऊन जाते. हे नियमात बसते काय?

उत्तर: बसतं. शब्द लागला, समोरच्यानं हरकत घेतली नाही (म्हणजे शब्द तपासायला लावला नाही) आणि त्यानं आपली खेळी केली, की तो शब्द पटावर कायम. नंतर शब्दकोशात सापडला नाही म्हणून गुण परत जात नाहीत. हूल मात्र टाइलनंच द्यायची, तोंडानं नाही. ‘हा शब्द तर विज्ञानाच्या पुस्तकात आहे’ असं बोलून समोरच्याला गप्प करणं स्पर्धेत चालत नाही, वाचनालयातही चालू देऊ नका.

तुमची खरी अडचण वेगळी असावी. हरकत फसली तर काय, हे आधी ठरलेलं दिसत नाही. शब्द खोटा निघाला तर लावणाऱ्यानं टाइल उचलायच्या, गुण शून्य, पाळी गेली. हे सगळीकडे सारखंच. शब्द खरा निघाला तर मात्र तीन रिवाज आहेत. कुठे हरकत घेणाऱ्याला काहीच दंड नसतो. उत्तर अमेरिकेतल्या बहुतेक स्पर्धांत त्याची पाळी जाते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांत सहसा ५ किंवा १० गुणांचा दंड असतो. दंडच नसेल तर प्रत्येक शब्दावर फुकटात हरकत घेता येते आणि हूल मरते. पाळी जाणार असेल तर माणूस बिचकतो आणि हुलीला जागा मिळते. नवशिक्यांसाठी ५ गुणांचा दंड ठेवा. त्या पोराचा बेधडकपणा दोन रविवारांत कमी होईल.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): हूल द्यायची की नाही, पकडायची की नाही, याचा काही हिशेब असतो का? अंदाजानं केलं की फसतं.

उत्तर: असतो, आणि तो अवघड नाही. समजा, खोट्या शब्दाचे ६० गुण होतात आणि त्याच टाइलमधून निघणाऱ्या खऱ्या शब्दाचे २५. पकडले गेलात तर शून्य. म्हणजे १०० पैकी ४२ वेळा हूल पचली तर जेमतेम बरोबरी. त्यातही पकडले गेल्यावर तुमची अक्षरं समोरच्यानं पाहिलेली असतात आणि तुम्हाला हवी असलेली जागा तो लगेच बुजवतो. म्हणून निम्म्याहून बरीच जास्त खात्री असल्याशिवाय या वाटेला जाऊ नये. खोट्याचे ३५ आणि खऱ्याचे २५ असतील तर १०० पैकी ७२ वेळा पचायला हवी. इतकी कुठलीच हूल पचत नाही. खरा शब्द लावा.

आता पकडण्याची बाजू. समोरच्याचा शब्द ६० गुणांचा आहे आणि हरकत फसली तर तुमची पाळी जाणार आहे. एक पाळी साधारण ३० गुणांची धरा. शब्द खोटा असण्याची शक्यता तिनात एकपेक्षा जास्त वाटली तर हरकत घ्यावी. तोच शब्द १२ गुणांचा असेल तर शंभरात सत्तरहून जास्त खात्री हवी, नाहीतर जाऊ द्यावा. दंड फक्त ५ गुणांचा असेल तर ६० गुणांच्या शब्दावर तेरात एक इतकी शंकासुद्धा पुरेशी आहे. पुष्कळ खेळाडू उलटं करतात: छोट्या शब्दावर चिडून हरकत घेतात आणि सात टाइलच्या मोठ्या शब्दापुढे दबून गप्प बसतात.

प्रश्न (मूल, जि. चंद्रपूर): शाळेचा इंग्रजी-मराठी शब्दकोश ठेवून खेळतो. त्यात पुष्कळ शब्द नसतात, मग भांडणं होतात. कोणता कोश खरा मानावा?

उत्तर: भारतातल्या स्पर्धांत कॉलिन्सची स्क्रॅबलसाठीची शब्दयादी चालते. २००७ ची जागतिक स्पर्धा मुंबईत झाली, ती न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्सनं जिंकली. त्याच रिचर्ड्सनं २०१५ मध्ये फ्रेंच बोलता येत नसताना फ्रेंच भाषेची जागतिक स्पर्धा जिंकली. यादीतला शब्द अर्थ माहीत नसला तरी शब्दच असतो. पंचसुद्धा फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच सांगतो. यादी एका फोनवर ठेवा आणि तो फोन न खेळणाऱ्या माणसाच्या हातात द्या.

या यादीत आपल्या शिवारातले शब्द भरपूर आहेत. जे-ओ-डब्ल्यू-ए-आर म्हणजे ज्वारी, १५ गुण. एल-ए-के-एच म्हणजे लाख, ११. डी-एच-ए-के म्हणजे पळस, १२. सी-एच-ए-आर-के-एच-ए, म्हणजे सेवाग्रामचा चरखा, १९ गुणांचा आणि नेमका सात अक्षरी. पहिल्याच खेळीत मधल्या घरावरून लागला तर दुप्पट ३८ आणि सातही टाइल वापरल्याचे ५०, असे किमान ८८. (संपूर्ण पिशवीत एच दोनच असतात, तेव्हा त्याची वाट बघत बसू नका.) क्यू-आय या दोन अक्षरांचे ११ होतात आणि यूवाचून अडकलेला क्यू सुटतो.

सर्वांत चांगली हूल हीच: खोटा वाटणारा खरा शब्द. पाळी जाण्याचा नियम असेल तर समोरचा हरकत घेतो, पाळी गमावतो आणि तुम्ही लागोपाठ दोनदा खेळता. दोन अक्षरी शब्द सव्वाशेच्या आसपास आहेत. रोज दहा पाठ केले तर पंधरवड्यात होतात. निराधार खोटे शब्द रचण्यापेक्षा हे पाठांतर कितीतरी जास्त गुण देतं, हे आम्ही ठामपणे सांगतो.

प्रश्न (पांढरकवडा, जि. यवतमाळ): समोरचा एकच टाइल लावून ४-५ गुण घेतो आणि शांत बसतो. त्याच्या मनात काय असते?

उत्तर: बहुधा त्याच्याजवळ सहा चांगली अक्षरं जमली आहेत (एस-ए-टी-आय-आर-ई यांसारखी) आणि तो सातव्याची वाट बघतो आहे. ५० जादा गुण मिळवण्याची ती तयारी असते. सात-आठ घरांची मोकळी रांग बुजवा, पटाची तोंडं बंद करा. हीसुद्धा हूल असू शकते, कारण तुम्ही घाबरून पट बंद केला तर पुढे असलेल्याचाच फायदा होतो. फरक ओळखायला अक्षरांची नोंद ठेवा, तिला स्पर्धेत परवानगी आहे. १०० टाइलमध्ये ४२ स्वर, ५६ व्यंजनं आणि २ कोरे (कोणत्याही अक्षराच्या जागी चालणारे); एस फक्त ४. कागदावर सगळी अक्षरं आधीच लिहून ठेवायची आणि पटावर आलेलं खोडत जायचं. चारही एस आणि दोन्ही कोरे पडून गेले असतील तर त्या शांतपणाला फार घाबरू नका. पिशवी रिकामी झाली की समोरच्याच्या फळीवर काय आहे ते तुम्हाला नेमकं कळतं. त्याच्याकडे क्यू अडकला असेल तर त्याची जागा बंद करून आपण आधी संपवायचं, त्या एका टाइलचा फरक २० गुणांचा पडतो.

प्रश्न (मेहकर, जि. बुलढाणा): एक जण पिशवीत बोटं चाळवून कोरा टाइल काढतो असा संशय आहे.

उत्तर: अक्षर कोरलेलं किंवा उठावाचं असेल तर बोटाला ते समजतं, कोरा सपाट लागतो. गुळगुळीत छापील टाइल वापरा. पिशवी डोळ्यांच्या उंचीला धरायची, आत जाणारा पंजा उघडा आणि रिकामा दाखवायचा, नजर बाजूला. हा नियम सगळ्यांना एकदम लावा, त्या एकाचं नाव घेऊ नका.

प्रश्न (आष्टी, जि. वर्धा): जिल्हा परिषद शाळेत मराठी अक्षरांचा असाच खेळ करायचा आहे. काना-मात्रा आणि जोडाक्षरांचं काय करावं?

उत्तर: मात्रांच्या वेगळ्या टाइल करू नका, पट लगेच अडतो. एका व्यंजनाला एक घर, मात्रा मोकळी. ‘पुस्तक’ म्हणजे प-स-त-क, ‘विदर्भ’ म्हणजे व-द-र-भ. सगळ्या सुट्या स्वरांसाठी ‘अ’ हीच टाइल, ती आ, ई, ऊ, ए काहीही होते. आडवा शब्द ‘का’ म्हणतो आणि उभा ‘की’ म्हणतो, तरी टाइल ‘क’च राहते.

यात धोका असा की, मात्रा मोकळी असल्यामुळे हूल फार स्वस्त होते. म-ळ लावायचं आणि समोरचा काय म्हणतो ते बघून माळ, मुळा किंवा मेळा यातलं सोयीचं सांगायचं. म्हणून टाइल ठेवण्याआधी शब्द पूर्ण मात्रांसह वहीत लिहायचा आणि हरकत त्या लिहिलेल्या शब्दावरच घ्यायची. प्रत्यय लावलेली रूपं (घराला, घरातून) बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक शब्दाला शेपूट फुटेल. वऱ्हाडी शब्द चालणार असतील तर डावाआधीच वीस-पंचवीस शब्दांची यादी कोशाच्या मागे चिकटवा. ‘पोट्टा’ हवा की नको यावर डाव अर्ध्यात असताना निकाल लागत नाही.

कोणतं अक्षर किती? खेळाचा निर्माता आल्फ्रेड बट्स यानं इंग्रजी वर्तमानपत्राच्या पानावरची अक्षरं मोजून टाइलची संख्या ठरवली होती. तुमच्या मुलांकडूनही तेच करून घ्या. एका मराठी पानावरची १००० व्यंजनं मोजायची, जोडाक्षरं फोडून, आणि प्रत्येक संख्येला दहानं भागायचं. ९८ टाइल होतील अशा बेतानं जुळवून दोन कोरे ठेवायचे. भागल्यावर एकपेक्षा कमी येणारी अक्षरं एकेकच ठेवा आणि त्यांना ८ ते १० गुण द्या. भरपूर येणाऱ्यांना १. ङ आणि ञ वगळा.

टाइल २ सेंटिमीटरच्या, पटाची घरं सव्वादोनची. १५ घरांचा पट ३४ सेंटिमीटरच्या चौरसात बसतो. मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा पावसाळ्यात वाकतो आणि त्याच्या कडांवरून मुलं अक्षर ओळखू लागतात. ३ मिलिमीटरचा प्लाय घ्या, कडा पॉलिश कागदानं घासा. अक्षर रंगानं रंगवू नका, छापलेला कागद चिकटवा आणि वरून रुंद चिकटपट्टी लावा. कोऱ्या टाइललाही तोच कागद आणि तीच पट्टी हवी.