‘डेव्हिल्स पास’ हा चित्रपट खरंच सत्यघटनेवर आहे का?

अर्धाच. पाच अमेरिकन विद्यार्थी कॅमेरे घेऊन रशियातल्या उरल पर्वतात जातात, ते कथानक पूर्ण काल्पनिक. पण ज्या प्रकरणाचा ते माग काढतात, ते खरं आहे.

फेब्रुवारी १९५९ मध्ये इगोर द्यातलोव्हच्या नेतृत्वाखालचे नऊ ट्रेकर तिथल्या खोलात स्याख्ल डोंगराच्या उतारावर मेले. दहावा युरी युदिन दुखण्यामुळे वाटेतूनच परतला, म्हणून वाचला. शोधपथकाला तंबू सापडला तो आतून फाडलेला. बूट आतच, आणि बर्फात जंगलाकडे उतरत गेलेल्या पावलांच्या खुणा, काही तर नुसत्या मोज्यांच्या. एवढ्या थंडीत! चौघांचे मृतदेह थेट मे महिन्यात, बर्फ वितळायला लागल्यावर मिळाले.

गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) तिथे त्यांचे कॅमेरे आणि डायऱ्याही सापडल्या. वाऱ्यात वाकून तंबूसाठी बर्फ खणणारी माणसं त्या फोटोंत दिसतात. मला तरी अख्ख्या चित्रपटापेक्षा तो एक फोटो जास्त घाबरवतो.

२०२० मध्ये रशियन सरकारी वकिलांनी हिमस्खलन हे कारण दिलं. २०२१ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी गणित मांडून दाखवलं की तंबूसाठी उतार कापल्यावर काही तासांनी वरचा बर्फाचा थर घसरू शकतो. सगळ्यांना ते पटलेलं नाही.

रेनी हार्लिनचा हा २०१३ चा चित्रपट पहिला तासभर छान पकड घेतो. शेवटी बंकर, टेलिपोर्टेशन वगैरे सुरू झालं की भीती पळते. तरी रात्री एकदा बघाच.