पर्यावरण संघटनांचा सेंद्रिय शेतीचा प्रचार शास्त्राला धरून असतो की श्रद्धेपोटी?

पर्यावरण संघटना सेंद्रिय शेतीचा जो आग्रह धरतात तो शास्त्राला धरून असतो का, आणि अशा संघटनेच्या कामाला हातभार लावावा का, असे आपण विचारले आहे. मी काही वर्षे अशाच एका संघटनेत पूर्णवेळ काम केले आणि पुढे शेतकरी गटांच्या प्रमाणीकरणाच्या, म्हणजे शेती सेंद्रिय असल्याचा अधिकृत दाखला मिळवण्याच्या, नोंदी सांभाळल्या. त्या अनुभवावरून सांगतो की या प्रचारात तथ्य पुष्कळ आहे, पण शेतकऱ्याला खरी झळ ज्या टप्प्यावर बसते, नेमके त्याविषयी तो फार कमी बोलतो.

मातीच्या सुपीकतेसाठी झटणारी मंडळी आणि विषारी फवारणीविरुद्ध उभे राहिलेले पर्यावरणवादी हे मुळात दोन वेगळे प्रवाह होते. ब्रिटनमधील सॉइल असोसिएशन १९४६ साली स्थापन झाली, तेव्हा कीटकनाशकांविरुद्धची चळवळ अजून आकाराला यायची होती. पुढे दोन्ही प्रवाह एकमेकांत मिसळले. अमेरिकेने डीडीटी या कीटकनाशकाचा शेतीतील वापर जवळपास पूर्णपणे बंद केला आणि सेंद्रिय चळवळींचा आंतरराष्ट्रीय महासंघ व्हर्साय येथे स्थापन झाला, या दोन्ही गोष्टी १९७२ सालच्याच. डीडीटी प्राण्यांच्या चरबीत साठते, अन्नसाखळीत वर वर जाताना तिचे प्रमाण वाढत जाते आणि शिकारी पक्ष्यांच्या अंड्यांची कवचे पातळ होतात, हे चळवळीचे म्हणणे खरे ठरले. एंडोसल्फान या दुसऱ्या कीटकनाशकाचेही तेच झाले. २०११ साली ते स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकाऊ विषारी रसायनांना आळा घालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, यादीत गेले. हे श्रेय या संघटनांचे आहे आणि ते त्यांना मोकळ्या मनाने द्यायला हवे.

परंतु अमुक रसायन घातक आहे हे सिद्ध झाले म्हणून तमुक पद्धत सर्व शेतांना लागू पडते, असे आपोआप सिद्ध होत नाही. २०१२ साली अनेक प्रयोगांची एकत्र छाननी झाली, तेव्हा सेंद्रिय शेतीचे उत्पादन पीक आणि परिस्थिती यांनुसार ५ ते ३४ टक्क्यांनी कमी आढळले. या घटीचे एक मोठे कारण नत्र (नायट्रोजन). कडधान्ये, हिरवळीचे खत आणि शेणखत यांतून नत्र मिळते, पण ते सावकाश मोकळे होते आणि पिकाला ज्या आठवड्यात भूक असते त्या आठवड्यात पुरेलच असे नाही. शिवाय शेणखत बाहेरून आणले, तर ती सुपीकता दुसऱ्या कुठल्या तरी जमिनीच्या चाऱ्यातून आलेली असते. ‘सेंद्रिय म्हणजे फवारणी नाही’ हा समजही चुकीचा आहे. मोरचूद (तांब्याचा क्षार) आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण हे बुरशीनाशक सेंद्रिय शेतीत चालते, आणि त्यातले तांबे मातीत साठत जाते म्हणूनच युरोपीय संघाने त्यावर हेक्टरी सात वर्षांत २८ किलोंची मर्यादा घातली आहे.

आता ज्या टप्प्याचा मी वर उल्लेख केला त्याकडे येतो. रसायने थांबवल्यावर हंगामी पिकांसाठी साधारण दोन आणि फळबागांसाठी तीन वर्षे रूपांतरणाची, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रिय शेतीत जाण्याची, धरली जातात. या काळात उत्पादन घटते, खुरपणीची मजुरी वाढते आणि माल मात्र सेंद्रिय म्हणून विकता येत नाही. एका प्रशिक्षणात आम्ही पाण्याने भरलेल्या दोन काचेच्या पेल्यांत दोन ढेकळे सोडली होती. बांधावरच्या, न नांगरलेल्या जागेचे ढेकूळ पाण्यात तसेच राहिले आणि शेतातले काही मिनिटांत विरघळून तळाशी गाळ झाले. सेंद्रिय कर्ब आणि मुळे माती कशी बांधून ठेवतात हे सर्वांना पटले. मागे बसलेल्या एका बाईंनी तेव्हा विचारले, “ढेकळाचं कळलं, पण ही दोन वर्षं आम्ही काढायची कशी?” आमच्या पुस्तिकेत त्याचे उत्तर नव्हते आणि त्याची मला आजही खंत वाटते.

या प्रश्नाकडे दुर्लक्ष केल्यावर काय होते ते श्रीलंकेत दिसले. तिथे २०२१ साली सरकारने रासायनिक खते आणि कीटकनाशके यांच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. भात आणि चहा दोन्ही पिकांना फटका बसला आणि त्याच वर्षी ती बंदी मागे घ्यावी लागली. परकीय चलनाची चणचण हेही त्यामागचे कारण होते, त्यामुळे सारा दोष सेंद्रिय विचाराच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. याउलट सिक्कीमने २००३ साली निर्णय घेतला आणि २०१६ मध्ये पूर्ण सेंद्रिय राज्य म्हणून घोषणा झाली. मधली तेरा वर्षे आणि तिथे आधीपासूनच कमी असलेला खतांचा वापर, या दोन गोष्टी सिक्कीमचे उदाहरण देताना हमखास गाळल्या जातात.

म्हणून एखाद्या संघटनेला साथ देण्यापूर्वी तिची पत्रके बाजूला ठेवा आणि तिच्या कार्यकर्त्यांना थेट विचारा: रूपांतरणाच्या वर्षांत शेतकऱ्याची तूट कोण भरते, नत्र कुठून येते, शेजारच्या शेतातून फवारा उडून आला तर नुकसान कोणी सोसायचे, आणि पद्धत सोडून परत गेलेल्या शेतकऱ्यांची नोंद तुमच्याकडे आहे का. ही शेवटची नोंद ठेवणारी संघटना मला भेटली, तर मी पुन्हा पूर्णवेळ कामाला जाईन.